पांढऱ्या फितीच्या ओळी

माझी नणंद ट्वायला झाडाच्या फांदीवर काठीने बरोबर तीनदा मारायची. चौथा फटका नाही, आणि घाई आहे म्हणून दोनावर भागवलं असंही नाही. एका हातात पांढरा प्लास्टिकचा तक्ता फांदीखाली धरलेला, दुसऱ्या हातात काठी म्हणून पाइपाचा तुकडा. तीन फटके मारायचे, तक्त्यावर पडलेले सायला मोजायचे, खिशातल्या वहीत आकडा लिहायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. सायला म्हणजे तांदळाच्या अर्ध्या कणीएवढा किडा. पानावर बूड वर करून बसतो. त्याचा तो माज बघूनच माझं डोकं फिरायचं, कारण आमच्या फ्लोरिडातल्या संत्र्यांना ग्रीनिंग लावलं ते त्यानेच. हा रोग झाडात शिरला की पानांवर पिवळे चट्टे येतात, फळ वाकडं आणि बुडाशी हिरवंच राहतं, आणि पिकायच्या आधी टपाटपा खाली पडतं. तेव्हा त्यावर औषध नव्हतं. एक होतं, कदाचित. त्याचीच ही गोष्ट आहे, आणि ट्वायलाची.

ती काही शिकलेली शास्त्रज्ञ नव्हती. तीस वर्षं तिने पॅकिंग हाउसात पट्ट्याजवळ उभं राहून फळं निवडली. समोरून संत्री धावत जायची आणि त्यातलं डागी फळ ती बोलता बोलता उचलून बाजूला टाकायची, पट्ट्याकडे बघतेय असंही वाटायचं नाही. पॅकिंग हाउस बंद पडलं तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती. नवरा जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. आता ही बाई घरात बसून भिंतींशी बोलणार, असं मला वाटलं होतं. पण संशोधन केंद्राला बागांमधून किडे मोजणारं माणूस हवं होतं. तिथल्या डॉ. रेनाटा मूळच्या ब्राझीलच्या. तिकडेही याच रोगाने बागा खाल्लेल्या, त्यामुळे बाईंना घाई होती. त्यांनी पाच उमेदवारांना एकच तक्ता दोन वेळा मोजायला दिला. दोन्ही वेळा तोच आकडा फक्त ट्वायलाचा आला.

"मिस ट्वायला, उद्यापासून या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आजच्या दिवसाचं काय वाकडं झालंय?" ट्वायलाने विचारलं आणि तिथूनच कामाला लागली.

दोन वर्षांनी डॉ. रेनाटांनी एक नवं औषध तयार केलं, झाडाच्या बुंध्यात सुईने टोचायचं. त्याच्या चाचणीसाठी केंद्र सरकारचं तीन वर्षांचं संशोधन अनुदान मिळालं. आकडे चांगले आले तर पुढची पाच वर्षं, मोठ्या प्रमाणावर, साऱ्या रिजवरच्या, म्हणजे आमच्या टेकाडपट्टीतल्या, बागांमध्ये. पण चाचणी सरकारी जमिनीवर नको, खऱ्या शेतकऱ्याच्या बागेत हवी होती. एक बाग दक्षिणेकडे मिळाली. दुसरी ट्वायलाने मिळवून दिली, आमची.

बाग तिच्या आणि माझ्या नवऱ्याच्या, हॉइटच्या, वडिलांनी लावलेली. कसायचा हॉइट. ट्वायला एके सकाळी आमच्या स्वयंपाकघरात आली, कॉफी ओतून घेतली आणि बसायच्या आधीच बोलायला लागली. मोठ्या भावाला ती लहानपणीसारखं बब्बाच म्हणायची.

"सहा ओळी दे, बब्बा. तीन ओळींना औषध टोचायचं, तीन ओळींना नुसतं पाणी."

"पाणी? म्हणजे तीन ओळी मरू द्यायच्या?"

"मरतात का जगतात, तेच तर बघायचंय."

"ते मी आत्ता सांगतो. मरतील."

"मग तसं पत्र वॉशिंग्टनला लिही. हॉइट डरन्सने सांगितलंय म्हटल्यावर त्यांना चाचणी कशाला लागतेय!"

मी हसले. हॉइटही हसला. पुढे करार आला तेव्हा त्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली. कागद काही कोर्टाच्या भाषेत नव्हता. या सहा ओळींना संशोधन केंद्राचे लोक देतील त्याशिवाय काही द्यायचं नाही, खत नाही, फवारणी नाही, हे त्यात साध्या शब्दांत लिहिलं होतं. हॉइटने तो वाचला होता. मीही वाचला होता. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर त्याने 'मला काही नीट समजलं नव्हतं' असं म्हणून बघितलं.

औषधाच्या ओळींना निळ्या फिती बांधल्या, पाण्याच्या ओळींना पांढऱ्या.

आता हॉइटच्या सरबताबद्दल सांगायला हवं. ग्रीनिंग आल्यापासून आमच्याकडच्या प्रत्येक बागाइतदाराची स्वतःची एक कृती असते. मँगनीज, जस्त, बोरॉन, कुणी त्यात समुद्री शेवाळ घालतं, कुणी मासळीचं पाणी. ते पानांवर मारलं की झाड मरायला टेकलेलं असलं तरी हिरवं दिसतं. रोग जात नाही, पण झाड तग धरतं. ही कृती कुणी कुणाला सांगत नाही. चर्चमध्ये शेजारी बसून एकमेकांसाठी प्रार्थना करतील, पण किती जस्त घातलंस विचारलं की हवेपाण्यावर बोलायला लागतील. हॉइटच्या सरबतात उसाची काकवी असायची आणि त्याचा त्याला इतका अभिमान होता की सांगायची सोय नाही. बाकीच्या साऱ्या बागेला तो ते मारायचा. फक्त या सहा ओळींना बंदी होती.

दुसऱ्या वसंतात पांढऱ्या फितीच्या ओळी उघड्या पडायला लागल्या. फांद्यांची टोकं वाळली, झाडाच्या आरपार आभाळ दिसायला लागलं. ट्वायला खाली पडलेली फळं मोजून यायची, हात धुवायची आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहायची. मी तिच्यापुढे पावासारखी मऊ बिस्किटं आणि सॉसेजची ग्रेव्ही ठेवायचे. खायची, पण बोलायची नाही. एकदाच म्हणाली, "नेडीन, तळ्याकडचं तिसरं झाड डॅडीने मला धरायला लावून लावलं होतं. आज त्याखाली एकशे बारा फळं." आणि तिने तो आकडा वहीत लिहिला.

हॉइटचा गुडघा त्याच सुमारास दुखायला लागला. चर्चच्या बाकावर तासभर बसवत नाही म्हणे. ट्वायला क्वायरमध्ये गायची, एकही रविवार चुकवायची नाही. मी जायचे. हॉइट घरी थांबायचा. एका रविवारी चर्चमध्ये सगळ्यांचं जेवण होतं आणि मी अंड्यांचं ताट घरीच विसरले. अर्ध्या वाटेवरून गाडी वळवली. घरात हॉइट नव्हता. बागेकडे बघितलं तर पाठीवर फवारणीचा पंप घेऊन हा माणूस पांढऱ्या फितीच्या ओळींतून तरातरा चालत होता. गुडघा एकदम ठणठणीत.

"हे काय चाललंय?" मी ओरडले.

तो दचकला, पण पंप थांबवला नाही. "आवाज कमी कर. सरबत मारतोय."

"त्या ओळींना? अरे, सही केलीयेस तू!"

"सही केली तेव्हा पानं होती झाडांवर." मग तो थांबला. त्याचे डोळे भरून आले होते. "ही डॅडींची झाडं आहेत, नेडीन. आकडेमोडीसाठी झाड उपाशी मारायचं? माझ्याच्याने नाही बघवत. थोडंसं देतो. तेवढ्याने काय होणार आहे?"

मी काय करायला हवं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं. पण रडणारा नवरा समोर होता आणि चर्चमध्ये जेवायची वेळ होत आली होती. मी अंड्यांचं ताट घेतलं आणि निघाले. चर्चच्या पायरीवर ट्वायला भेटली.

"बब्बाचा गुडघा कसा आहे?"

"ठणकतोय," मी म्हटलं.

त्यानंतर दर रविवारी तिने विचारलं आणि दर रविवारी मी तेच सांगितलं. पुढे पुढे तर मी तिला न विचारताच सांगायला लागले.

त्या सप्टेंबरात वादळ आलं. दक्षिणेकडच्या चाचणीच्या बागेत झाडं मुळांसकट आडवी झाली, उरली त्यांच्या मुळ्या पाण्यात कुजल्या. आमच्याकडे फळं झडली, पण झाडं उभी राहिली. डॉ. रेनाटा चिखलात गाडी घालून आल्या, सहाही ओळींतून फिरल्या आणि ट्वायलाचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "आता सगळं तुमच्या सहा ओळींवर आहे, मिस ट्वायला. इथे फरक दिसला तर मी पुढचं अनुदान आणते. नाही दिसला तर औषधाची बाटली कपाटात जाईल."

हॉइट तिथेच उभा होता. मला वाटलं, आता तरी तोंड उघडेल. त्याने डॉक्टरीणबाईंना गोड चहाचा ग्लास दिला आणि वादळात किती छपरं उडाली ते सांगत बसला. त्या आठवड्यात मी त्याच्याशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, बंद करतो. दोन रविवार बंद केलंही. तिसऱ्या रविवारी पंप पुन्हा पाठीवर.

तिसऱ्या वर्षी पांढऱ्या ओळी सावरल्या. नवी पालवी, गडद हिरवी. निळ्या ओळीही चांगल्या होत्या, पण आता दोन्हींत डोळ्यांना फरक करता येईना. ट्वायला रोज मोजायची आणि आकडा लिहायच्या आधी झाडाकडे पुन्हा बघायची. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर एखादा आकडा हलकेच पुढेमागे केला असता. पांढऱ्या ओळीखाली पडलेली पाच फळं जास्त लिहिली असती तर कोण बघायला येणार होतं? तिने जे दिसलं ते लिहिलं, मग स्वतःच्याच डोळ्यांवर शंका घेतली.

"नेडीन, मला चांगलं दिसत नाही वाटतं. पाणी टोचलेलं झाड असं कसं फुटेल? मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा."

मी घेऊन गेले. हो, मीच गाडी चालवली. तिने अक्षरं वाचली, थेंब घालून घेतले, नवा चष्मा केला. येताना ती चष्मा लावून खिडकीतून प्रत्येक बागेकडे बघत होती आणि मी रस्त्यावरची नजर हलवली नाही. आयुष्यात मी बरंच काही केलंय, पण त्या चाळीस मिनिटांची लाज मला सर्वांत जास्त वाटते.

नव्या चष्म्याने तिने सगळं पुन्हा मोजलं. आकडे तेच आले.

निकाल फेब्रुवारीत आला. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या झाडांत फरक आढळला नाही, सबब पुढील अनुदान मंजूर करता येत नाही. ट्वायला तो कागद घेऊन तणतणत आमच्याकडे आली. "खुर्चीत बसून निर्णय घेतात! कधी संत्र्याचं झाड हलवून बघितलंय यांनी? पहिल्या वर्षाचे आकडे बघा म्हणावं, निळ्या ओळी तेव्हाच वेगळ्या दिसत होत्या. सरकारने आपल्याला वाऱ्यावर सोडलं, बब्बा."

"सरकारचं काही खरं नाही," हॉइट म्हणाला. देवाशपथ, हे त्याने म्हटलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "आज सांग. आत्ता जा आणि सांग."

"आता सांगून काय उपयोग? औषध चाललं नसेलच. माझं सरबत जर त्याच्या बरोबरीने उतरलं, तर ते औषध काय कामाचं?" असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर किंचित फुशारकी होती. मला त्याला पंपासकट तळ्यात ढकलावंसं वाटलं. पण मीही फोन उचलला नाही.

मार्चमध्ये शेतकी सभागृहात सभा झाली. अनुदान देणाऱ्या कार्यालयातून एक साहेब आले होते, इस्त्रीचा शर्ट आणि नम्र बोलणं. बागाइतदार चाळीसेक होते. ट्वायला उठली. चर्चला घालायचा निळा पोशाख घातला होता आणि हातात तीन वर्षांच्या वह्या होत्या.

"साहेब, मी ट्वायला समरॉल. तुमच्या कागदातला प्रत्येक आकडा माझ्या हातचा आहे. तापात मोजलंय, वादळाच्या दुसऱ्या दिवशी मोजलंय. या ओळी माझ्या सख्ख्या भावाच्या बागेतल्या आहेत, त्यात काही इकडचं तिकडे होणं शक्य नाही. माझा आकडा खोटा असेल तर या लोकांसमोर सांगा. खरा असेल तर आम्हाला अजून एक वर्ष द्या. तीन वर्षांत काय कळणार?"

"बाई, तुमच्या आकड्यांवर आमचा पूर्ण विश्वास आहे," साहेब म्हणाले. "त्या आकड्यांवरूनच आम्ही निर्णय घेतला."

सभागृहात टाळ्या पडल्या, तिच्यासाठी. माझ्या शेजारी हॉइटनेही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाबरोबर मी एकोणचाळीस वर्षं संसार केला होता.

बाहेर, गाड्या लावल्या होत्या तिथे, डॉ. रेनाटांनी ट्वायलाला गाठलं. मी सभेला करून नेलेल्या गोडाचं रिकामं भांडं घेऊन तिथेच उभी होते. हॉइट गाडी आणायला गेला होता.

"मला काही पटत नव्हतं, म्हणून मी दरवर्षीची जपून ठेवलेली पानं पुन्हा तपासली," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "पांढऱ्या ओळींत मँगनीज आणि जस्त चौपट आहे. दुसऱ्या वर्षापासून. ते जमिनीतून येत नाही, कुणीतरी फवारलंय." मग त्या थांबल्या. "मिस ट्वायला, रागावू नका. मला विचारावंच लागेल. झाडांची दया येऊन तुम्ही तर नाही ना…"

ट्वायलाच्या चेहऱ्याचा रंग उडाला. तीन वर्षं एक फटका कमी-जास्त न मारणाऱ्या बाईला हा प्रश्न. मी तिच्यापासून दोन हातांवर होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी भांड्याचं झाकण नीट बसवत राहिले.

"नाही," ट्वायला म्हणाली. "मी नाही." मग तिने दूर गाडीत बसणाऱ्या हॉइटकडे बघितलं, बराच वेळ, आणि म्हणाली, "पण त्यात काकवी सापडली का हो?"

"काकवी तपासणीत कळत नाही."

"असू दे. मला कळलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. कॉफी ओतून घेतली नाही. टेबलावर केंद्राचा खुलाशाचा फॉर्म ठेवला, चष्मा लावला आणि पेन काढलं.

"कधीपासून, बब्बा?"

हॉइटने आढेवेढे घेतले. मला नीट समजलं नव्हतं, थोडंसंच मारलं, एक-दोनदा. तिने पेन तसंच धरून ठेवलं. शेवटी त्याने सगळं सांगितलं. दर रविवारी, ती क्वायरमध्ये गात असताना. तिने लिहून घेतलं. किती प्रमाण, कोणत्या झाडांना, वादळानंतर किती दिवस बंद होतं. मोजणीच्या दिवशी लिहायची त्याच ठाशीव अक्षरात.

"डॅडींची झाडं होती गं, ट्वायला," हॉइट म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "मला नाही बघवलं."

"आणि मला बघवत होतं?" आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्यावर ओरडली. "मला काय ती झाडं परकी होती? मी त्यांना मरताना मोजत होते, बब्बा! एकेक फळ! कारण तेवढ्या तीन ओळी गेल्या असत्या आणि बाकी साऱ्यांची राहिली असती. पहिल्याच महिन्यात सांगितलं असतंस तर डॉक्टरांनी दुसऱ्या ओळी धरल्या असत्या. एका फोनचं काम होतं. तू मला दोन वर्षं खोटी झाडं मोजायला लावलीस. काल मी उभी राहून तुझी हमी दिली आणि तू टाळ्या वाजवल्यास."

हॉइटने टेबलाकडे बघत विचारलं, "मग ते औषध… चालत होतं का?"

"कळणार नाही," ती म्हणाली. आता आवाज अगदी साधा होता. "चालत असलं तरी कळणार नाही, नसलं तरी कळणार नाही. दक्षिणेची बाग वादळाने नेली आणि ही तू. माझे आकडे आज रद्द होतील, बाटली कपाटात जाईल. निदान ते चालत नव्हतं एवढं जरी कळलं असतं ना, तरी मी घरी जाऊन झोपले असते."

मी उठून ओव्हनकडे गेले. तिच्यासाठी बिस्किटं केली होती. ताटली तिच्यापुढे ठेवली. तिने ती हाताने बाजूला सारली, कागदाला लोणी लागू नये म्हणून सारतात तशी, आणि फॉर्मचं शेवटचं पान उघडलं. त्यावर एक प्रश्न होता: या गोष्टीची माहिती आणखी कोणाला होती?

तिने मला काही विचारलं नाही. एका घरात राहणाऱ्यांपासून काही लपत नाही हे ती जाणून होती, आणि रविवारचा तो गुडघा तिला माझ्याच तोंडून कळला होता. तिने माझं पूर्ण नाव लिहिलं, नेडीन रूथ डरन्स, कागद फिरवून माझ्याकडे केला आणि म्हणाली, "बरोबर लिहिलंय का बघ. चुकीचं काही जायला नको."

मी वाचलं. बरोबर लिहिलं होतं.

"हो," मी म्हटलं.

"मग इथे सही कर."

मी सही केली. तिने फॉर्म घडी करून वहीत ठेवला, खुर्ची जागच्या जागी सरकवली आणि गेली. त्याला आता सहा वर्षं झाली. ती रस्त्याच्या पलीकडे राहते, भेटली की हात करते, पण आमच्या स्वयंपाकघरात ती पुन्हा आलेली नाही.